कडू कारले, कडू बिअर : नावडती चव आवडती कशी होते

‘कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच’ ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाला उद्देशून वापरतो. कारल्यापुरती ती खरीही आहे, कारण त्यातील कडू द्रव्ये तुपाने किंवा साखरेने नाहीशी होत नाहीत. मात्र लहानपणी जिचे नाव काढताच आपण ताट बाजूला सारत होतो, तीच भाजी पस्तिशी उलटल्यावर आपण दुसऱ्यांदा वाढून घेतो, तेव्हा नेमके काय बदललेले असते, हे म्हण सांगत नाही. बिअरच्या एका प्रकाराने मला हा प्रश्न नव्याने विचारायला लावला.

तो प्रकार म्हणजे इंडिया पेल एल, ज्याला सगळे आयपीए म्हणतात. माझे घर ठाण्यात नौपाड्यात आणि नोकरी ऐरोलीला. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका संध्याकाळी मी ट्रान्स-हार्बरची लोकल पकडण्यापूर्वी एका बियर शॉपीतून आयपीएची बाटली घेतली. घरी येऊन पहिला घोट घेतला, तेव्हा आजीने पाजलेला काढा आठवला. वर एक शिळकट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वासही होता. अर्धी बाटली मोरीत ओतली. त्याच रात्री मला ताप भरला, आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी आयपीएचा ग्लास नाकाजवळही नेला नाही. आज मला निवड करायची मुभा असेल, तर मी बहुतेक वेळा तीच बिअर निवडतो. त्या बाटलीतील कोणता दोष बिअरच्या जातीचा होता, कोणता बाटलीचा आणि कोणता माझ्या स्मरणशक्तीचा, हे मला सुटे करून पाहता आले, तेव्हाच हा बदल घडला. हे तिन्ही दोष तोंडात एकाच क्षणी येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

कडूपणा येतो कुठून

बिअर मुख्यतः चार गोष्टींपासून बनते : पाणी, सातू, हॉप्स आणि यीस्ट. सातू भिजवून त्याला मोड आणतात आणि ते मोड वाळवून, कमीअधिक भाजून माल्ट तयार करतात. मटकीला मोड आणणाऱ्या घरात ही कृती अनोळखी वाटणार नाही. भरडलेले माल्ट गरम पाण्यात ठेवले की धान्यातील पिष्टाची साखर होते आणि एक गोड काढा मिळतो. हा काढा तसाच आंबवला, तर तयार होणारे पेय सपक गोड लागेल आणि लवकर नासेल. या दोन्ही अडचणींवर युरोपात रुजलेला उपाय म्हणजे हॉप्स.

हॉप ही एक वेल आहे. तिच्या मादी फुलोऱ्यांचे लहान हिरवे शंकू असतात आणि त्यांच्या पाकळ्यांच्या तळाशी पिवळी, चिकट भुकटी असते. या भुकटीत दोन प्रकारची द्रव्ये असतात. एक म्हणजे अल्फा आम्ले. ती मुळात फारशी विरघळत नाहीत, परंतु उकळत्या काढ्यात तासभर राहिली की त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि त्यांची आयसो-अल्फा आम्ले होतात. बिअरचा कडूपणा प्रामुख्याने यांचाच असतो. बिअर आंबट करणाऱ्या अनेक जिवाणूंना रोखण्याचे कामही तीच करतात. दुसरी द्रव्ये म्हणजे सुगंधी तेले. ती उकळताना वाफेबरोबर उडून जातात, म्हणून सुगंध हवा असेल तर हॉप्स उकळण्याच्या अगदी शेवटी किंवा बिअर थंड झाल्यावर, आंबवण्याच्या टाकीतच घालावे लागतात. आपण भाजी शिजताना काही मसाला आधी घालतो आणि कोथिंबीर मात्र गॅस बंद करून वरून भुरभुरतो, त्यामागे हेच कारण आहे. आयपीएत दोन्ही वेळा हॉप्स सढळ हाताने घातलेले असतात. त्यामुळे तिच्यात कडूपणा जास्त असतो आणि संत्र्याच्या सालीचा, आंब्याचा, पाइनच्या डिंकाचा किंवा ओल्या गवताचा वासही जास्त असतो. जो माणूस पहिल्या घोटाला कडूपणावरच थबकतो, त्याच्यापर्यंत हा वास पोहोचतच नाही. माझे तसेच झाले होते.

कडूपणा मोजण्यासाठी आयबीयू हे एकक वापरतात. एका लिटर बिअरमध्ये आयसो-अल्फा आम्लांचे सुमारे एक मिलिग्रॅम म्हणजे एक आयबीयू, असा ढोबळ हिशेब धरावा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या हलक्या लागर बिअरमध्ये हा आकडा साधारण ८ ते १८ असतो, तर अमेरिकी धाटणीच्या आयपीएत ४० ते ७०. म्हणजे आयुष्यभर लागर पिणाऱ्याने एके दिवशी आयपीए मागवली, तर त्याच्या जिभेवर एकदम तिप्पट-चौपट कडू द्रव्य येते. मात्र हा आकडा एकटा वाचू नये. माल्टचा गोडवा भरपूर असेल, तर ६० आयबीयूची बिअरही सौम्य लागते, आणि गोडवा नसेल तर ३५ सुद्धा टोचतात. कारल्याच्या भाजीतील गूळ आणि चिंच कारल्याचा कडूपणा काढून टाकत नाहीत, त्याला तोलून धरतात. माल्टचेही काम तेच.

नावातला ‘इंडिया’ आणि मुंबईचे बंदर

या बिअरच्या नावात आपल्या देशाचे नाव का आहे, याविषयी एक लोकप्रिय कथा आहे. भारतातील इंग्रजांसाठी एका दारू-भट्टीवाल्याने मुद्दाम अधिक हॉप्सची, अधिक कडक बिअर शोधून काढली, असे ती सांगते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. साठवणीच्या बिअरमध्ये हॉप्स अधिक घालण्याची पद्धत इंग्लंडमध्ये आधीपासून होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला बो येथील जॉर्ज हॉजसन यांच्या भट्टीतून फिकट रंगाची अशी बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईकडे येऊ लागली. हॉजसन यांची भट्टी कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळ होती आणि ते कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देत, ही कारणे बिअरच्या गुणाइतकीच महत्त्वाची होती. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी येथे पोहोचत. त्या प्रवासात हॉप्स बिअरला नासण्यापासून वाचवत. पुढे १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या सॅम्युअल ऑलसप यांनी या व्यापारात उडी घेतली. बर्टनच्या पाण्यात जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे प्रमाण मोठे आहे आणि सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा अधिक स्वच्छ आणि कोरडा लागतो. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील जाहिरातींत १८३० च्या सुमारास दिसू लागते. गोऱ्या सैनिकांसाठी मात्र त्याच जहाजांतून काळी पोर्टर बिअरही मोठ्या प्रमाणात येत होती, हे कथेत सहसा सांगितले जात नाही.

आजची आयपीए त्या बिअरची थेट प्रत नव्हे. अमेरिकेत १९७२ साली ‘कॅस्केड’ नावाचा संत्रावर्गीय फळांच्या वासाचा हॉप लागवडीसाठी उपलब्ध झाला आणि तेथील लहान भट्ट्यांनी त्यावर नवी बिअर उभी केली. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक आयपीए या दुसऱ्या वळणाच्या आहेत.

जिभेवरचा पहारेकरी

माणसाच्या तोंडात कडू चव ओळखणारी सुमारे २५ प्रकारची ग्राहके (रिसेप्टर), म्हणजे चवीची द्रव्ये टिपणारी प्रथिने, आहेत. गोड चवीचे काम ग्राहकांची एकच जोडी सांभाळते, आणि कडूसाठी मात्र एवढा फौजफाटा आहे, कारण वनस्पतींतील अनेक विषे कडू असतात आणि ती ओळखण्यात चूक झाली तर जिवावर बेतते. नवजात बाळाच्या जिभेवर कडू थेंब ठेवला तर ते तोंड वेडेवाकडे करते. त्याला हे कोणी शिकवलेले नसते. म्हणून पहिल्या आयपीएला नाक मुरडणाऱ्या माणसाला अरसिक म्हणणे अन्यायाचे आहे. त्याचे शरीर आपले काम चोख बजावत असते.

हा पहारेकरी प्रत्येकाचा सारखाही नसतो. सन १९३१ मध्ये आर्थर फॉक्स हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत फिनाइलथायोकार्बामाइड नावाची भुकटी हाताळत असताना ती हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याने ती फार कडू असल्याची तक्रार केली, पण फॉक्स यांना स्वतःला काहीच चव लागली नाही. पुढे हा फरक आनुवंशिक असल्याचे स्पष्ट झाले. हॉप्सची कडू आम्ले ओळखणारी ग्राहके या भुकटीच्या ग्राहकापेक्षा वेगळी आहेत, त्यामुळे तो प्रयोग बिअरला जसाच्या तसा लावता येत नाही. परंतु एकाच भांड्यातील पदार्थ दोन माणसांना दोन प्रकारे लागू शकतो, एवढे त्यातून निश्चित होते. नेरुळचे माझे एक ज्येष्ठ सहकारी पहिल्याच दिवशी आयपीए चवीने प्यायले आणि मला दोन वर्षे लागली, याचे मला आता वैषम्य वाटत नाही.

नावड स्मरणात कशी बसते

जिभेच्या तक्रारीपेक्षा चिवट असते ती पोटाची आठवण. मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली उंदरांना गोड सॅकरिनचे पाणी पाजले आणि त्याच सुमारास त्यांना मळमळ होईल इतका किरणोत्सर्ग दिला. नंतर त्या उंदरांनी गोड पाण्याकडे पाठ फिरवली. इतर बाबतींत शिकण्यासाठी अनेकदा पुनरावृत्ती लागते. येथे एक प्रसंग पुरला. पुढच्या प्रयोगांतून असेही दिसले, की चव आणि आजार यांच्यात कित्येक तासांचे अंतर असले तरी मेंदू त्यांची गाठ बांधतो, आणि विशेषतः चव नवी असेल तर ती गाठ अधिक पक्की बसते.

माझा त्या रात्रीचा ताप बिअरमुळे आलेला नव्हता. घरात आधीच दोघांना तोच ताप होता. हे मला बुद्धीने कळत होते, तरी हॉप्सचा वास आला की घशात आवळल्यासारखे होई. महाविद्यालयाच्या दिवसांत एखाद्या पेयाचा अतिरेक होऊन उलटी झालेली माणसे पुढे वीस वर्षे त्या पेयाचे नाव काढत नाहीत, त्यामागेही हेच आहे. ही गाठ वाद घालून सुटत नाही. ती सोडवायला त्याच चवीचे सौम्य, निर्धोक आणि आजाराविना संपणारे अनुभव पुनःपुन्हा घ्यावे लागतात, आणि ते घेताना घाई करून चालत नाही.

दोष बाटलीचा असेल तर

तिसरी बाब सर्वांत सोपी आहे, पण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. अनेकांना जी बिअर नावडते, ती मुळात बिघडलेली असते.

हॉप्सच्या कडू आम्लांवर ऊन किंवा दुकानातील तीव्र पांढरा प्रकाश पडला, तर त्यांच्यापासून गंधकयुक्त असे एक द्रव्य तयार होते आणि त्याला उग्र, कुबट दुर्गंधी असते. पारदर्शक काचेत हे काही मिनिटांतही घडू शकते. हिरवी काच थोडाच आडोसा देते, तपकिरी काच पुष्कळ देते आणि डबा पूर्ण देतो. दुसरा शत्रू म्हणजे बाटलीत उरलेला प्राणवायू. त्याच्यामुळे कालांतराने बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, आणि उष्णतेने ही क्रिया झपाट्याने होते. तापमान दहा अंशांनी वाढले की शिळेपणा दुपटी-तिपटीने वेगवान होतो, असा ठोकताळा आहे. ठाण्याच्या मे महिन्यात टेम्पोतून उतरवून फुटपाथवर रचलेल्या खोक्यांचे काय होत असेल, ते यावरून समजावे. लागरला हे थोडेफार सोसते. आयपीएचे सगळे वैभव मात्र उडून जाणाऱ्या तेलांत असते, म्हणून ती जुनी झाली की सुगंध जातो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो. नीट न साठवलेल्या जुन्या हॉप्सना तर चीजसारखा आंबूस वास येऊ लागतो.

माझ्या पहिल्या बाटलीतील पुठ्ठ्याच्या वासाचा उलगडा मला हे वाचल्यावर झाला. तेव्हापासून मी लेबलावरील उत्पादनाची तारीख वाचल्याशिवाय आयपीए घेत नाही. तीन महिन्यांच्या आतली आणि फ्रिजमध्येच ठेवलेली मिळाली तर घेतो, नाहीतर त्या दिवशी दुसरे काही घेतो. ही सवय लागण्यापूर्वी आयपीएविषयी बनवलेली सगळी मते मी रद्द धरली आहेत, आणि वाचकांनीही तसे करावे असे मला मनापासून वाटते.

आवड कशी रुजते

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले : अपरिचित शब्द, अक्षरचिन्हे किंवा चेहरे केवळ पुनःपुन्हा पाहण्यात आले, तरी माणसांना ते अधिक बरे वाटू लागतात. खाण्यापिण्यातही परिचयाचा हा परिणाम दिसतो. मुलांना नवी भाजी आवडू लागण्यासाठी ती आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा चाखावी लागते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पण नावड मुळातच तीव्र असेल आणि सक्ती होत असेल, तर पुनरावृत्तीने ती कमी होण्याऐवजी वाढू शकते. मित्रांनी आग्रह करून संपवायला लावलेला मोठा मग म्हणूनच कोणालाही आयपीए शिकवत नाही.

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतील एका खेड्यात मिरचीविषयी केलेले काम मला येथे फार उद्बोधक वाटते. तेथील लहान मुलांना मिरची झोंबते आणि नकोशी वाटते. मोठी माणसे ती चवीने खाताना मुले रोज पाहतात, त्यांच्यावर कोणी जबरदस्ती करत नाही, आणि हळूहळू ती स्वतःच मिरची मागू लागतात. त्याच घरांतील डुकरे आणि कुत्री तेच तिखट उरलेसुरले अन्न वर्षानुवर्षे खातात, परंतु त्यांना मिरचीची गोडी लागत नाही. शरीर धोक्याची सूचना देत असते आणि मनाला मात्र धोका नसल्याचे ठाऊक असते. या दोहोंच्या मधल्या जागेत माणसाला आनंद सापडतो. ठाण्यात तहसील कचेरीजवळ मामलेदारची मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी काढत पुन्हा रस्सा मागणाऱ्या माणसांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे कडू चवीचा परिचय करून देणारा एक सणही आहे. गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, चिंच, ओवा, हिंग घालून वाटतात आणि प्रत्येकाला चिमूटभर देतात. चवीच्या शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर या रीतीत सर्व काही आहे : मात्रा अगदी लहान, सोबत गोड आणि आंबट चवीचा आधार, घरातील सर्व मोठी माणसे तेच खात आहेत आणि प्रसंग आनंदाचा आहे. मी आयपीएकडे परत जाताना नकळत हीच पद्धत अनुसरली होती.

शरीराच्या पातळीवरही काही बदल होतात, असे दिसते. कडू आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या लाळेतील प्रथिनांचे प्रमाण बदलते आणि त्यानंतर ते कडू अन्न अधिक सहजपणे स्वीकारतात. माणसाच्या बाबतीत मला अधिक महत्त्वाचे वाटते ते लक्षाचे स्थलांतर. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वास असतो, आणि तो गिळल्यानंतर घशामागून नाकात चढतो. नाक दाबून वेलदोड्याचे दोन दाणे चघळावेत आणि मग नाक सोडावे. वेलदोडा जणू त्याच क्षणी तोंडात आल्यासारखा वाटतो. नेरुळच्या सहकाऱ्यांनी मला एवढेच सांगितले होते, ‘‘अहो, घोट गिळल्यावर तोंड मिटा आणि श्वास नाकाने सावकाश सोडा. कडू काय लागते ते पाहू नका, त्याच्यामागून काय येते ते पाहा.’’ त्या दिवशी मला पहिल्यांदा संत्र्याची साल लागली. कडूपणा होता तेवढाच होता, पण आता त्याच्याबरोबर लक्ष देण्याजोगे दुसरे काहीतरी होते.

एक चढण, लहान पायऱ्यांची

एकदम आयपीएवर उडी मारण्याऐवजी कडूपणाच्या पायऱ्या चढत जाणे शहाणपणाचे ठरते. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर फारशी कडू नसते. तिच्यातील केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळेच येतो, त्यात ना केळे असते ना लवंग. ती प्यायल्याने बिअरमध्ये वास शोधण्याची सवय लागते. त्यानंतर खरी पिल्सनर घ्यावी. बोहेमियातील पिल्झेन गावात योसेफ ग्रोल यांनी १८४२ साली तयार केलेली ही बिअर आपल्या नेहमीच्या लागरची दूरची पूर्वज आहे, मात्र तिचा कडूपणा साधारण ३० ते ४५ आयबीयू असतो आणि तो अतिशय स्वच्छ असतो. मग पेल एल, म्हणजे आयपीएचीच कमी हॉप्सची बहीण, आणि तिच्यानंतर आयपीए. मला गव्हाच्या बिअरपासून आयपीएपर्यंत यायला सुमारे आठ महिने लागले आणि त्यात मी महिन्यातून दोनदापेक्षा अधिक वेळा प्यायलो नाही.

ताजी बिअर चाखण्यासाठी मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणारी लहान भट्टी, सर्वांत चांगली, कारण तेथे टाकी आणि ग्लास यांच्यात ट्रक, गोदाम आणि ऊन येत नाही. महाराष्ट्रात ही चळवळ २००९ मध्ये पुण्याच्या ‘डूलाली’ या मायक्रोब्रुअरीपासून सुरू झाली आणि नंतर मुंबई महानगरात पसरली. अशा ठिकाणी चार-पाच प्रकार लहान लहान ग्लासांत चाखायला मिळतात. तुलना करायला ही सोय फार उपयोगी पडते, फक्त कमी कडू बिअरपासून सुरुवात करावी, नाहीतर आयपीएनंतर गव्हाची बिअर नुसत्या पाण्यासारखी लागते.

तापमानाची चूक आपल्याकडे सार्वत्रिक आहे. उकाड्यामुळे आपण बिअर बर्फासारखी मागतो, पण अतिथंड बिअरमध्ये वास दबून जातो आणि माल्टचा गोडवाही कमी जाणवतो, म्हणजे कडूपणाला तोलणारी गोष्टच नाहीशी होते. आयपीए साधारण ७ ते १२ अंशांवर बरी लागते. फ्रिजमधून काढून ग्लासात ओतावी आणि दहा मिनिटे थांबावे. ठाण्याच्या हवेत त्याहून जास्त थांबण्याची गरज नसते. बाटलीला तोंड लावून पिणाऱ्याला वरचा सगळा सुवास मिळतच नाही, त्यामुळे ग्लास हवाच.

चखण्याचे शास्त्रही येथे कामी येते. मिठातील सोडियम कडूपणाची जाणीव दाबते, हे १९९७ साली पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी ब्यूचँप यांनी दाखवून दिले. आई कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवते, तेव्हा कडू पाणी तर सुटतेच, पण मागे राहिलेले मीठही आपले काम करत असते. म्हणून खारे शेंगदाणे, तळलेली सुरमई किंवा बटाट्याचे खारे काप यांच्याबरोबर पहिली आयपीए घ्यावी. मसाला पापड, शेजवान चटणी किंवा झणझणीत कोळंबी मात्र नको : मद्यामुळे तिखटाची आग वाढते, बुडबुड्यांची चुरचुर त्यात भर घालते आणि या जळजळीत कडूपणा अधिकच बोचरा होतो. तिखटाबरोबर गव्हाची बिअरच बरी.

प्रमाणाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. चव शिकणे हे घोटांचे काम आहे, ग्लासांचे नव्हे. पहिल्या तीन-चार घोटांनंतर जीभ कडूपणाला सरावते आणि मद्याचा अंमल सुरू झाला की निरीक्षण संपते. त्यानंतर जे आवडते ती नशा असते. शंभर मिलिलिटर पुरेसे आहे, उरलेले दुसऱ्याला द्यावे. पाच टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे १३ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवानाही लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच रुळला. जो मद्य घेत नाही, त्याने आयपीए आवडावी म्हणून ते सुरू करण्याचे काहीही कारण नाही. वर सांगितलेले सर्व काही कारले, मेथी आणि बिनसाखरेची कॉफी यांनाही तसेच लागू पडते.

इतर नावडत्या बिअरसाठीही हीच पद्धत चालते, मात्र प्रत्येकीचा अडसर वेगळा असतो. आंबट बिअरला नाक मुरडणाऱ्यांना मी जर्मनीतील गोझे सुचवतो. गोस्लार गावात उगम पावलेली आणि पुढे लाइपझिगमध्ये रुजलेली ही बिअर दह्याला आंबवणाऱ्या जिवाणूंच्या कुळातील जिवाणूंनी आंबवतात आणि तिच्यात मीठ व धने घालतात. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या दोन वाट्या रिचवणाऱ्या माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही; तो बिअरकडून फक्त वेगळी अपेक्षा घेऊन आलेला असतो. स्टाउट या काळ्या बिअरचा अडसर निराळा आहे. तिचा कडूपणा हॉप्सबरोबरच भाजून काळ्या केलेल्या सातूतूनही येतो, आणि मला त्यात करपलेल्या भाकरीची आठवण येते. मी ती आजवर तीनदा ताजी, दहा-बारा अंशांवर, प्रत्येक वेळी अर्ध्या ग्लासाहून कमी घेतली आहे. तिसऱ्या वेळी करपलेल्या वासामागून कोको लागला, तरी ती अजून आवडलेली नाही. चौथी खेप पाऊस सुरू झाल्यावर, गुळाच्या चिक्कीबरोबर घ्यायचे ठरवले आहे.